कॉन्कर्डचा पूल पाहून परत फिरू नका

बॉस्टनहून कॉन्कर्डला येणारे बहुतेकजण नॉर्थ ब्रिज बघतात, फोटो काढतात आणि माघारी फिरतात. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या पहिल्या दिवशी, 19 एप्रिल 1775 रोजी, या पुलावर चकमक झाली; पण इंग्रज पलटणीची खरी दाणादाण उडाली ती बॉस्टनकडे परतीच्या रस्त्यावर. म्हणून माझ्या मते पुलाला एक तास पुरे, उरलेला दिवस रस्त्याला द्या.

नॉर्थ स्टेशनवरून फिचबर्ग मार्गाची लोकल घ्यायची. कॉन्कर्ड स्टेशनपासून पूल चालत दोन-अडीच किलोमीटर. आजचा लाकडी पूल नंतरचा, जागा मात्र तीच. गावाकडच्या टोकाला उभं राहिलं की इथल्या इंग्रज तुकडीचा प्रमुख कॅप्टन लॉरी याची चूक लक्षात येते. त्याचे सुमारे 100 शिपाई, पलीकडून येणारे गावकरी चारशेच्या आसपास. त्याने माणसं गल्लीत लढतात तशी एकामागे एक रांगांत उभी केली. पुढच्यांनी फैर झाडून बाजूने मागे जायचं, मागच्यांनी पुढे यायचं. पण अशा दाटीत पुढच्या रांगाच काय त्या गोळी झाडू शकल्या. आठपैकी चार अधिकारी जखमी झाले, दोन-तीन मिनिटांत पळापळ.

आता लेक्सिंग्टन रोडने पूर्वेला मेरियम्स कॉर्नर गाठा. रस्त्याच्या डाव्या हाताची टेकडी नीट बघा. परतणाऱ्या फौजेची बगल सांभाळणारे शिपाई तिच्यावरून चालत होते, त्यामुळे गावकरी लांब राहिले. टेकडी संपते तिथेच छोटा पूल होता. तो ओलांडायला बगलेवरचे खाली उतरले, सगळी रांग चिंचोळी झाली आणि दुपारी साडेबाराच्या सुमारास गोळीबार सुरू झाला.

इथून ‘बॅटल रोड ट्रेल’ सुरू होते, एका बाजूने 8 किलोमीटर. गाडी सुरुवातीला लावली तर तेवढंच परत चालावं लागतं. बरेचजण इथेच फसतात. काही ठिकाणी जुन्या रस्त्यावर आजचा 2ए महामार्ग आहे, तिथे पायवाट शेतातून वळते. गवतात गोचीड असतात, पँट मोज्यांत खोचा. ‘ब्लडी अँगल’च्या दुहेरी वळणावर जरूर थांबा. ठासणीची बंदूक शंभर यार्डांपलीकडे भरवशाची नाही, पण इथे झाडी रस्त्याला खेटून होती, तेव्हा गोळ्या झाडणाऱ्या गावकऱ्यांना तेवढं अंतर लागलंच नाही.

वाट फिस्क हिलला संपते. लेक्सिंग्टनचं मैदान पुढे साधारण 3 किलोमीटर. तिथवर पोचेपर्यंत पलटणीची काडतुसं संपत आली होती. इंग्रज सेनानी पर्सी बॉस्टनहून हजारेक माणसं आणि दोन तोफा घेऊन मदतीला आला, म्हणून निभावलं. तुम्हाला मात्र लेक्सिंग्टनहून बॉस्टनच्या मेट्रोच्या एलवाइफ स्टेशनची बस मिळते. रविवारी जाणार असाल तर वेळापत्रक आधी बघून ठेवा.