खरं रेडियम

आमच्या मालवणात रेडियम म्हणजे चकाकणारी पट्टी. रिक्षाच्या मागे भराडी देवीचं नाव कापून चिकटवतात ते रेडियम, डंपरच्या फाळक्याला लावतात तेही रेडियम. त्यामुळे श्रावणात एके दिवशी आबा जीप घेऊन गॅरेजला आले आणि म्हणाले, "मीटरचे आकडे दिसनत नाय रे. रेडियम मारून दे, काळोखात दिसाक व्हये," तेव्हा त्यात वेगळं काही आहे असं मला वाटलं नाही.

आबांची जीप आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या डिस्पोजलमधून त्यांच्या वडिलांनी घेतलेली विलिज. तोंडाच्या जाळीला नऊ फटी. पुढे नागरी लोकांसाठी निघालेल्या जीपला सात असतात, त्यामुळे लांबूनही ओळखू येते. 1941 ते 1945 या काळात विलिज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून अशा सव्वासहा लाखांवर गाड्या काढल्या. त्यातली एक आमच्या कट्ट्याच्या रस्त्यावर अजून चालते, याचं मला फार अप्रूप आहे. चतुर्थीला आबांच्या घरचा गणपती शाळेतून, म्हणजे मूर्ती घडवतात तिथून, याच जीपमधून येतो. निघायला पहाटेचे चार वाजतात. आबांची सत्तरी उलटून गेली आहे. मागच्या वर्षी ऑइलचा काटा खाली गेलेला त्यांना दिसलाच नाही, आणि थोडक्यात इंजिन वाचलं.

काम दोन भागांत होतं. एक, डॅशबोर्डच्या दिव्यांचा उजेड वाढवायचा. दोन, आकडे नव्याने रंगवायचे. उजेडाचं मी घेतलं. आकड्यांसाठी माझ्याकडचा पोरगा होता. त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या गणपतीची शाळा. श्रावणात तो दिवसा माझ्याकडे असतो आणि रात्री शाळेत मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करतो. केसाएवढी रेघ ओढतो. असा हात असताना दुसऱ्या कोणाला शोधायचं कशाला?

मी बॉनेटपाशी वाकून बॅटरीचं टर्मिनल घासत होतो. बाहेर पाऊस धो धो. सहज मान वळवली तर पोरगा सीटवर बसलेला. मधला मोठा स्पीडोमीटर त्याने सोडवून मांडीवर घेतला होता, काचेची रिंग स्क्रू ड्रायव्हरने दोन बाजूंनी उचकटली होती. शेजारी आकडे खरवडायला ब्लेड काढून ठेवलेलं. आणि ब्रशचं टोक ओठांत. टोक जुळावं म्हणून शाळेतले सगळेच ब्रश तसा ओठांतून ओढून घेतात.

काचेखालचे आकडे मी तेव्हा प्रथम नीट पाहिले. साधा पांढरा रंग जुना झाला की पिवळट पडतो, भेगाळतो. हे आकडे तसे नव्हते. थोडे फुगीर, खरखरीत, करपलेल्या खरवडीच्या रंगाचे. काट्याच्या पोटातही तीच भर, आणि काटा जिथे वर्षानुवर्षं टेकून होता तिथे डायलवर तपकिरी सावली उमटलेली.

"ब्रश खाली ठेय. हात काढ. फुंकर मारू नको."

माझा आवाज इतका चढला की आबा छत्री टाकून आत आले.

मी वायरमनचा आयटीआय केल्यावर दोन वर्षं मुंबईला दारूखाना नावाच्या भागात होतो. मोडीत निघालेल्या जहाजांची मीटरं, होकायंत्रं दुरुस्त करणाऱ्या उस्तादाकडे. काही डायल तो कधी उघडायचाच नाही. "करपलेले आकडे दिसले की काच काढायची नाही," एवढंच सांगायचा. त्या दिवशी त्याचं ते वाक्य माझ्या कामी आलं.

रिंग हाताने दाबून जागेवर बसवली. काच सरकलेली नव्हती. आकड्यांना ब्लेड लागलेलं नव्हतं. पोराला साबणाने दोनदा हात धुवायला लावले, चूळ भरायला लावली. कॉम्प्रेसरची हवा मारायला मनाई केली आणि बाकडं ओल्या फडक्याने पुसून फडकं पिशवीत बांधून ठेवलं. मग कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या आमच्या ओळखीच्या सरांना फोन केला.

सर संध्याकाळी गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सार मोजायचं यंत्र, घेऊन आले. प्रयोगशाळेतलाच, पेटीएवढा, आकडा दाखवणारा. आधी त्यांनी गॅरेजच्या दुसऱ्या टोकाला नळी धरून एक मिनिट मोजलं. टिक... टिक टिक... टिक. आकडा 24. "एवढं तर सगळीकडेच असतं, दगडामातीतून, आभाळातून," ते म्हणाले. मग नळी स्पीडोमीटरच्या काचेजवळ नेली. टिकटिक राहिलीच नाही. तापलेल्या तेलात मोहरी पडावी तसा एकसारखा तडतडाट. पत्र्यावर पाऊस वाजत होता, तरी त्यातून तो आवाज वेगळा कळत होता. मिनिट भरायच्या आत आकडा दोन हजारांच्या पुढे गेला. आबांनी खांद्यावरचा पंचा घट्ट धरला.

ते रेडियम होतं. मारी आणि पिएर क्युरी यांनी 1898 मध्ये शोधलेलं, खरं.

सरांनी समजावलं ते असं. रेडियमची भुकटी झिंक सल्फाइडमध्ये मिसळून रंग करायचे. रेडियममधून सतत कण सुटतात, ते झिंक सल्फाइडवर आदळले की हिरवट उजेड पडतो. वीज नको, दिवा नको. रात्रीच्या ताफ्यात दिवे मालवून चालणाऱ्या लष्करी गाडीला याहून सोयीचं काय असणार? ड्रायव्हरला आकडा दिसतो आणि वरच्या विमानाला काही दिसत नाही. पण त्या माऱ्याने झिंक सल्फाइडचे स्फटिकच काही वर्षांत निकामी होतात आणि उजेड विझतो. उजेड विझला म्हणून रेडियम संपलं असं नाही. ते निम्मं व्हायला 1600 वर्षं लागतात. 80 वर्षांत शंभरातले जेमतेम साडेतीन भाग गेले. बाकी सगळं त्या काचेमागे जसंच्या तसं आहे.

आबांना एकदम घाम फुटला. "म्हणजे माज्या बापाशीन जल्मभर ह्याच्या फुडे बसान गाडी चालवली?"

"काचेआडून आणि हातभर अंतरावरून फारसं काही होत नाही, आबा," सर म्हणाले. "यातले मुख्य कण काचेतून बाहेर येत नाहीत. जे थोडं बाहेर येतं ते अंतर दुप्पट केलं की चौथाईवर येतं. भीती आहे ती खरवडण्याची. ती धूळ पोटात किंवा छातीत गेली तर शरीर तिला चुन्यासारखं समजतं आणि हाडांत नेऊन साठवतं. मग ती बाहेर येत नाही."

मग पोराकडे बघून त्यांनी अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या मुलींची गोष्ट सांगितली. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास घड्याळांचे आकडे याच रंगाने रंगवायला तिथल्या कारखान्यात तरुण मुली होत्या. बारीक रेघ यावी म्हणून ब्रशचं टोक ओठांत धरून जुळवायला त्यांना शिकवलं होतं. दिवसातून कितीतरी वेळा. पुढे त्यांचे दात पडले, जबड्याची हाडं झडली, कित्येक जणी मेल्या. पाच जणींनी कंपनीवर खटला भरला, तो 1928 मध्ये तडजोडीने मिटला.

पोरगा काही बोलला नाही. हातातला ब्रश त्याने उलटसुलट करून पाहिला. सरांनी त्याच्या बोटांवर, ओठांसमोर, ब्रशवर, बाकड्यावर आणि पिशवीतल्या फडक्यावर एकेक मिनिट नळी धरली. सगळीकडे पंचवीसच्या आसपास. तेव्हा कुठे माझे पाय जमिनीला लागले. आणखी पाच मिनिटं मी मान वळवली नसती तर, हा विचार अजून रात्री येतो. काम त्याला मीच दिलं होतं.

आता मीटर न उघडता आकडे दिसतील असं करायचं होतं. विलिजची रचनाच इथे उपयोगी पडली. तिचे दिवे मीटरच्या आत नसतात. बाहेर डॅशवर टोपीवाले दोन छोटे दिवे असतात, त्यांचा उजेड टोपीखालून डायलवर पडतो. म्हणजे काचेला हात लावायची गरजच नव्हती.

ही गाडी 6 व्होल्टची. बॅटरीवर 6.3 मिळत होते आणि दिव्याच्या होल्डरपाशी फक्त 4.6. फिलामेंटच्या बल्बला हे फार लागतं, दाब पाऊणपट झाला की उजेड तिसऱ्या हिश्श्यावर येतो. खाऱ्या हवेने होल्डरच्या बुडाशी हिरवी बुरशी धरली होती आणि अर्थिंग नावालाच उरलं होतं. मी पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत घासला, दोन्ही होल्डरना अर्थिंगची वेगळी वायर बॅटरीच्या खुंटीपासून ओढली आणि जोडांवर ग्रीस फासलं. नुसत्या एवढ्यानेच जुने बल्ब तरतरीत पेटले.

तरी एलईडी घातलेच, कारण बल्ब तापतो, आणि खड्ड्यांत फिलामेंट टिकत नाही. बाजारातले एलईडी 12 व्होल्टचे. त्यांत तीन-तीन दाणे एकामागे एक जोडलेले असतात, त्यांना नऊच्या वर व्होल्ट लागतात. सहावर ते पेटतच नाहीत. म्हणून जुन्या बल्बची पितळी टोपी रिकामी करून तीत एक पिवळा दाणा आणि 270 ओहमचा रेझिस्टर सोल्डर केला. बॅटरी चार्ज होताना 7.2 व्होल्ट चढतात, तेव्हाही दाण्यातून साधारण 19 मिलीअँपिअरच जातात. एलईडीला उलटसुलट चालत नाही, म्हणून प्लसच्या वायरीवर तांबडी पट्टी बांधली, पुढच्या माणसाला कळावं. पांढरा मुद्दाम घेतला नाही. आधी लावून पाहिला होता. काचेत त्याची तिरीप उठत होती, आणि म्हाताऱ्या डोळ्यांना निळसर उजेड जास्त पसरट दिसतो. पिवळ्यात आबांनी पाचही काटे घडाघडा वाचून दाखवले. करपलेले आकडेही त्या उजेडात उठून दिसत होते.

स्पीडोमीटरच्या रिंगच्या कडेने सिलिकॉन भरून मीटर जागेवर बसवला.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी आबा गाडी न्यायला आले, तेव्हा पोरगा डॅशखाली पत्र्याची बारकी पट्टी रंगवत होता. बाजूला ओलं फडकं ठेवलं होतं, ब्रशचं टोक तो त्याच्यावर फिरवून जुळवत होता. पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं: "मोठ्या मीटरची काच काढू नये. आत खरं रेडियम आहे."