चोवीस फुटांवरून छत्तीस फुटांवर

शनिवार. उधाणाची भरती, दुपारनंतर वायव्येचा वारा.

गेटवेसमोरच्या बोयाला, म्हणजे बोट बांधायच्या तरंगत्या खुणेला, आता आमची छत्तीस फुटी शिडाची बोट बांधलेली असते आणि ओळखीचा प्रत्येक जण "आता काय, चैन आहे" असे म्हणतो. चैन आहेच. आत सरळ उभे राहता येते, चहा उकळता येतो आणि रात्री आडवे होता येते. पण जे-२४ वर, म्हणजे आमच्या आधीच्या चोवीस फुटी शिडाच्या बोटीवर, हातांनी जी कामे सहज उरकत होती, ती इथे आधी डोक्यात उरकावी लागतात, आणि हा बदल चैनीपेक्षा मोठा आहे.

जे-२४ चे वजन सव्वा टनाच्या आसपास असते. बोयाजवळ वेग थोडा जास्त राहिला, तरी पुढे बसलेल्याने दोर घट्ट धरला की भागत असे. नवी बोट साडेसहा टनांची आहे. लांबी दीडपट आणि वजन पाचपट. पहिल्याच दिवशी आमच्या तांडेलाने बजावले, "दादा, दुसरी बोट जवळ आली तर पाय मधी घालू नका. बोट थांबायची नाही, पाय जायचा." त्यामुळे आता ओहोटीचा ओढ कुठल्या दिशेला आहे हे आधी पाहायचे, त्याच्या विरुद्ध तोंड करून यायचे, आणि इंजिन बरेच अलीकडे न्यूट्रलला टाकून बोट आपोआप मंदावण्याची वाट पाहायची. उलट गती दिली की पंख्याच्या फिरण्यामुळे मागची बाजू डावीकडे सरकते, तेही हिशेबात धरावे लागते.

वेगाबद्दल मात्र लोकांचा गैरसमज असतो. अशा बोटीचा कमाल वेग पाण्यातल्या लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. वीस फुटांना सहा नॉट (ताशी सागरी मैल), तर तीस फुटांना जेमतेम सव्वासात. एवढ्यासाठी कोणी पैसे घालू नयेत.

आज मांडव्याच्या बाजूला नांगर टाकून पाहिला. ओहोटीला तीन मीटर पाणी, त्यावर उधाणाचे साडेचार मीटर, आणि पाण्यापासून नाळेपर्यंतची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापर्यंतची, एक मीटर उंची, असे साडेआठ मीटर झाले. त्याच्या पाचपट धरून बेचाळीस मीटर साखळी सोडली. मग लक्षात घ्यायचे ते असे, की प्रवाह फिरल्यावर ही बोट तेवढ्या त्रिज्येचे वर्तुळ घेणार, आणि शेजारची मासेमारी होडी आखूड दोरावर असल्याने तेवढी फिरणार नाही. म्हणून आम्ही बरेच लांब थांबलो. बायकोला हे अंतर अवाजवी वाटले, पण प्रवाह फिरेपर्यंत तिनेच घड्याळाकडे लक्ष ठेवले.

शिडांची गोष्ट तर अधिक गंभीर आहे. वारा दहा नॉटवरून वीसवर गेला की शिडावरचा दाब चौपट होतो, आणि मोठ्या शिडाचा दोर विंचवरून, म्हणजे तो ओढायच्या फिरत्या चाकावरून, निसटला तर तो हाताने आवरत नाही. रीफ घ्यावा का, म्हणजे शिडाचा काही भाग बांधून ते लहान करावे का, हा प्रश्न मनात आला की तो लगेच घ्यावा, हे जुने शहाणपण छोट्या बोटीवर टाळले तरी खपत असे.

सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८-६९ मध्ये न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, ती 'सुहैली' मुंबईतच बांधलेली होती आणि अवघी बत्तीस फुटांची होती. त्यामुळे लांब जाण्यासाठी मोठीच बोट हवी, हे मला पटत नाही. माझ्या मते, दोघांपैकी एक जण झोपलेला असताना दुसऱ्याला एकट्याने रीफ घेता यावा, इतपतच बोट मोठी असावी. गोवा इथून सुमारे सव्वादोनशे सागरी मैल आहे. पाच नॉटने दोन दिवस सहज लागतात आणि कोकण किनाऱ्यावर रात्री जाळ्यांसाठी एकाने जागे राहावेच लागते. बायकोला मुख्य शीड एकटीने कमी करता येऊ लागले की गोवा. या हंगामात मुरूडपर्यंत. मे संपण्यापूर्वी बोट क्रेनने बाहेर काढायची आहे, तिचा खर्च उद्या विचारून घेतो.