कागदावरचे ओरखडे

शेततळ्याला प्लास्टिकचा कागद बसवायचं काम मी करतो, परभणी-जालना भागात. 2016 साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली, तळी वाढली, तसं आमचं कामही वाढलं.

एप्रिलात जिंतूरकडच्या तात्यांचा फोन आला. ‘‘भाऊ, तळं गळायलंय. मोसंबी जाईल माझी.’’ तळं मीच केलेलं. जाऊन पाहतो तर पाण्यालगत कागदावर उभे ओरखडे, दोन ठिकाणी आरपार. कोपऱ्यात हरणाचं पाडस मरून तरंगत होतं. पाचशे मायक्रॉनचा कागद, वर शेवाळ. तिथून माणूसही दोरीशिवाय वर येत नाही. गळती त्याच्याच खुरांनी झाली होती. पाडस बाहेर काढलं, मग पॅच मारला. हात चालत नव्हता.

मापं घेताना मी लांबी, रुंदी, खोली, उतार, बांधावरच्या चरात पुरायचा कागद, सगळं धरलं होतं. त्या माळावर उन्हाळ्यात दुसरं उघडं पाणी नाही, तहानलेलं जनावर इथंच येणार, हे धरलं नव्हतं. कुंपण होतं. पण कुंपणाखालून ससा जातो, घोरपड जाते, पाडसही गेलं.

तात्या म्हणाले, ‘‘वर यायला कायतरी कर. आन् बांधाबाहेर एक हौद बांधू, ठिबकच्या लाइनीवरून तोटी देतो.’’ हौद जमिनीलगत, उथळ केला. तळ्यात नायलॉनच्या जाड दोरीची जाळी सोडली. खिळा कुठंच नाही, कागदाला भोक नको. जाळी चराच्या पलीकडं खुंट्यांना बांधली. पाण्यात पडलेलं जनावर कडेकडेनं पोहत कोपऱ्यात येतं, म्हणून चारही कोपऱ्यांत.

तरी माझं चुकलंच. जाळी पाण्याच्या तेव्हाच्या पातळीपुरतीच सोडली होती. मे महिन्यात पाणी उतरलं आणि जाळी वर लोंबकळत राहिली. पुढं सेलू तालुक्यात वालूरची बारव बघितली. पायऱ्या गोल फिरत खाली जातात. पाणी कितीही उतरो, पायरी पाण्यापर्यंत आहेच. बराच वेळ तिथं बसून होतो.

आता कोटेशनमध्येच जाळी लिहितो, वेगळी विचारत नाही. तीन मीटर खोली, एकास एक उतार (जेवढं खोल तेवढंच आडवं), म्हणजे उताराची लांबी सव्वाचार मीटर. तळावर थोडी, बांधावर थोडी धरून सहा. चार कोपऱ्यांना चोवीस.