मामा देवगिरीत हरवला (लॅपटॉपवर)

दौलताबादचा किल्ला थ्रीडीत करायचं खूळ मागच्या उन्हाळ्यात डोक्यात शिरलं. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल करायचं, युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून कीबोर्डवर फिरायचं, बस. शाळेच्या सहलीपासून इतक्या वेळा चढलोय की रस्ता तोंडपाठ, म्हणून वाटलं काय अवघड आहे त्यात.

पहिल्यांदा मामाला बसवलं. दोन मिनिटांत मामा भिंतीला नाक लावून उभा. "अरं, मी हाय कुठं? नुसते दगडच दिसायलेत."

आधी पायऱ्यांचं निस्तरलं. युनिटीत कॅरेक्टर कंट्रोलरचा स्टेप ऑफसेट, म्हणजे गेममधला माणूस किती उंच पायरी आपोआप चढू शकतो ते माप, मुळात 0.3 असतो, एक युनिट म्हणजे एक मीटर धरलं तर साधारण फूटभर, आणि मी काही पायऱ्या त्याहून उंच केलेल्या, मग माणूस तिथंच अडकणार ना! शेवटी पायऱ्यांवर न दिसणारा उतार टाकला, डोळ्याला पायरी पण पाय उतारावरून. कॅमेरा 1.6 मीटरवर, माणसाच्या डोळ्याच्या उंचीला आणला.

तरी मामा हरवायचाच. बाण लावले, कोपऱ्यात नकाशा दिला, तर तो नकाशाच बघत बसला, किल्ला राहिला बाजूला. लई दिवसांनी ट्यूब पेटली. लॅपटॉप तापतो म्हणून मी लांबचं काही दिसू नये असं सेटिंग केलेलं, आणि त्यात चांदमिनारच गायब! पंधराव्या शतकातला, साठ मीटरच्या वर उंच मिनार, खऱ्या किल्ल्यात आपण मान वळवून त्यालाच तर बघतो. मग त्याचं हलकं, कमी पॉलिगॉनचं मॉडेल लांबसाठी ठेवलं आणि बाण काढून टाकले.

राहिली अंधेरी, म्हणजे किल्ल्यातला खडकात खोदलेला अंधारा भुयारी रस्ता. ज्यांनी ती खोदली त्यांनी शत्रू आत हरवावा म्हणून डोकं लावलं, आणि मी माझा मामा हरवू नये म्हणून लावायलोय. सगळीकडं उजेड केला तर ती अंधेरी कसली? म्हणून फक्त पुढच्या वळणावर मशालीचा थोडा उजेड ठेवला. माणूस आपोआप तिकडं जातो, कुणी सांगावं लागत नाही.

परवा मामा एकट्यानं बारादरीपर्यंत, म्हणजे अंधेरीच्या पुढं वर असलेल्या महालापर्यंत चढला. मी खुश. मग तो उतरायला लागला, मिनार समोरच होता, आरामात आला आणि अंधेरीत शिरल्यावर पुन्हा हाक, "अरं, इकडून उजेडच नाही की!" मशाली मी वर चढणाऱ्यालाच दिसतील अशा लावलेल्या. आता उलटीकडून परत लावत बसलोय.