स्टोरी सांग ना

मटार सोलता सोलता मी एकटीच खो-खो हसले, तेव्हा सासूबाईंनी आतून विचारलं, "कोणाचा गं फोन?" फोन नव्हता. कानात पॉडकास्टमधले दोन अमेरिकन गृहस्थ होते आणि सतारीवरून एकमेकांना बोलू देत नव्हते.

संगीतावरचे सिनेमे आणि माहितीपट हा त्यांचा विषय. एक फिल्म घ्यायची आणि तासभर तिच्यावर जीव ओवाळून टाकायचा. गाणी मात्र वाजवत नाहीत, हक्कांची भानगड असणार. मग त्यातला एक स्वतःच गाऊन दाखवतो. महाबेसूर. दुसरा त्यालाही दाद देतो!

आमच्याकडे हे खातं धाकट्या मावशीचं. ती आली की जेवणं आटोपल्यावर सगळी पोरं जिन्यात. "मावशी, स्टोरी सांग ना." ती पिक्चर अगदी पाट्यांपासून सांगायची. "मग ती खिडकी उघडते. वारा येतो. पडदा असाऽ उडतो," आणि पदर उडवून दाखवायची. गाणं आलं की दोन्ही कडवी, मधल्या म्युझिकसकट. व्हायोलिनं नाकातून, ढोलक पायरीवर. कोणी पाणी प्यायला उठलं तर ते परत येईपर्यंत हिरॉइन दारातच उभी. त्यातले काही पिक्चर मी पुढे टीव्हीवर पाहिले. मावशीची खिडकी जास्त मोठी होती.

माहितीपटांशी माझं एका बाबतीत जमत नाही. गाणं रंगात येतं न येतं तोच ते तोडून कोणीतरी खुर्चीतला माणूस ते किती थोर आहे हे सांगायला येतो. अरे, मग वाजू दे की! (आता, गाणंच नसलेला पॉडकास्ट तासन्‌तास ऐकणाऱ्या बाईने ही तक्रार करावी म्हणजे कमालच. असू दे.)

म्हणूनच ते दोघे 'माँटेरी पॉप'वर आले तेव्हा माझे कान टवकारले. 1967 च्या जूनमधल्या त्या अमेरिकेतल्या संगीत महोत्सवावरची, दिग्दर्शक पेनेबेकरची फिल्म. जेमतेम सव्वा तासाची, पण शेवटची पंधरा मिनिटं आणि वर थोडी रविशंकर आणि त्यांच्या साथीला तबल्यावर असलेल्या अल्लारखाँना दिलेली, तीही न तोडता. आणि कॅमेरा बराच वेळ सतारीकडे फिरकतच नाही. तो बघत बसतो ऐकणाऱ्यांकडे. त्या गर्दीत गिटारवाला जिमी हेन्ड्रिक्सही ऐकत बसलाय. हे सांगताना त्या दोघांचा आवाज थेट मावशीसारखा झाला.

हसू आलं ते पुढच्या गोष्टीला. 1 ऑगस्ट 1971, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, बांगलादेशसाठीची मैफल. सतार-सरोद लावून झाले आणि लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला! जुळवाजुळव एवढी आवडली, तर वादन त्याहून आवडेल अशी आशा आहे, असं रविशंकर म्हणाले. हेही त्या मैफलीवरच्या फिल्ममध्ये आहे. आपण हसतो, पण तंबोरे जुळताक्षणी "वा!" म्हणणारे आजोबा आपल्याकडेही पहिल्या रांगेत असतातच. फक्त ते जाणकार ठरतात.

या फिल्म्सची यादी फोनमध्ये वाढत चाललीय. बघितलेल्या फारच थोड्या. खरं सांगायचं तर घाईही नाही.

पॉडकास्टचा त्यानंतरचा भाग 'गिमी शेल्टर' या फिल्मचा होता. कॅलिफोर्नियात अल्टामाँटला रोलिंग स्टोन्स या रॉक बँडचा कार्यक्रम चालू असताना मंचासमोर एकाला भोसकलं, आणि ते कॅमेऱ्यात आलं. पुढे एडिटिंगच्या टेबलावर त्या बँडचा गायक मिक जॅगर ते मागे-पुढे करून बघतो, तेही फिल्ममध्येच आहे. मावशी असल्या जागी "इथलं नाही सांगत" म्हणून पुढे जायची. या दोघांनी सांगितलं, न गाता, न हसता. मुलाचं नाव मेरेडिथ हंटर. वय 18. ही फिल्म मी यादीत घातलेली नाही.