कोपराला हात

आमच्या शाळेत दरवर्षी १६ डिसेंबरला, १९७१ च्या भारत-पाक युद्धाच्या विजयदिनी, माजी सैनिकांचा सत्कार व्हायचा. सातवीत असताना त्या कार्यक्रमात मला एक काम मिळालं आणि दहावीपर्यंत ते माझ्याकडेच राहिलं. दोन मिनिटांची शांतता संपली की हवालदार आबांच्या कोपराला हात लावायचा.

आबा तोफखान्यातले. तोफांनी दोन्ही कान नेलेले. शांतता संपल्याचा टोल त्यांना ऐकूच यायचा नाही. एका वर्षी म्हणे सगळी शाळा खाली बसली, हारतुरे सुरू झाले आणि आबा आपले डोळे मिटून उभेच. पोरं फिदीफिदी हसली. तेव्हापासून शेजारी एक मुलगा उभा करायची पद्धत पडली.

तयारी ७ डिसेंबरच्या ध्वजदिनापासूनच सुरू व्हायची. निधीचा डबा वर्गावर्गांतून फिरे आणि लाल, गडद निळा, आकाशी अशा तीन पट्ट्यांचा कागदी ध्वज खिशाला टाचला जाई. टाचणी हमखास टोचायची. सोळाला पहिल्या रांगेत पाहुणे बसत. कडक इस्त्री, छातीवर पदकं. कोणाकडे पूर्वी स्टार, कोणाकडे पश्चिमी स्टार. त्यावरून कोण कुठल्या आघाडीवर होतं ते आम्ही ओळखायचो. आबांचा पश्चिमी.

मुख्याध्यापकांचं भाषण आम्हाला पाठ होतं. १९७१ सालच्या ३ डिसेंबरला युद्ध सुरू झालं, तेरा दिवसांत ढाका पडलं, पाकिस्तानच्या जनरल नियाझींनी आपल्या जनरल अरोरांसमोर शरणागतीवर सही केली, ९३,००० युद्धकैदी. आकडा उच्चारून सर थांबत आणि आम्ही टाळ्या पिटत असू. आपले किती गेले ते भाषणात कधीच नसे. सुमारे ३,८००, हे मी कॉलेजात गेल्यावर वाचलं. तेव्हा सरांचा राग आला होता. आता येत नाही. एवढी पोरं उन्हात गप्प बसवायची, तर टाळ्यांचाच आकडा हवा.

आम्ही खरे वाट बघायचो ती मराठा लाइट इन्फंट्रीच्या जंगी पलटणीतल्या, नायक हुद्द्याच्या एका पाहुण्यांची. ते आजच्या बांगलादेशातल्या जमालपूरची गोष्ट सांगायचे. ब्रिगेडियर क्लेर यांनी शत्रूला शरण येण्याचं पत्र धाडलं, तर पाकिस्तानी कर्नल सुलतान अहमद यांचं उत्तर आलं ते बंदुकीची गोळी गुंडाळलेल्या कागदातून! मग १० डिसेंबरची रात्र, रस्ता अडवून बसलेले मराठे, अंधारातून चालून येणारा शत्रू. गोष्ट दरवर्षी तीच, तरी गोळीपाशी आमचा श्वास अडकायचाच. शेवटी ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ म्हणताना त्यांचा आवाज फाटायचा.

आबा काहीच सांगत नसत. माईक पुढे केला की हात जोडायचे. एकदाच, तेही नायकांकडे बघून, बोलले, “तुमचं सोळाला मिटलं. आमच्याकडं सतरालाबी चालूच हुतं.” तेव्हा मला ते कळलं नव्हतं. ढाक्यात सह्या झाल्या तरी पश्चिमेकडचा गोळीबार १७ तारखेच्या रात्री आठला थांबला, हेही पुढे वाचूनच समजलं.

दहावीच्या वर्षीची गोष्ट. टोल पडला, मी कोपराला हात लावला. आबांनी डोळे उघडले नाहीत. ओठ हलत होते. इतकी वर्षं मी समजत होतो, ते देवाचं नाव घेतात. हात तसाच ठेवला तर हळूच म्हणाले, “थांब पोरा, दोघं राह्यलेत.”

मी हात काढून घेतला. सर माईकपाशी जाऊन माझ्याकडे बघायला लागले, मी मान हलवली. ते थांबले. मागे सहावीतली पोरं चुळबुळत होती, कोणीतरी खोकलं. मग आबांनी स्वतःच डोळे उघडले, वाकडी झालेली पदकांची पट्टी अंगठ्याने सरळ केली आणि खुर्चीचा हात चाचपत खाली बसले.