भायल्यांची पोरं

माझी भाची येत्या मार्चमध्ये 21 वर्षांची होईल. वाढदिवसाचं नाव काढलं की वहिनी फोनवर गप्प होते.

भाऊ अमेरिकेत टेक्ससला एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. भाची इथे गोव्यात, म्हापशात जन्मली, चार वर्षांची असताना तिकडे गेली आणि वडिलांवर अवलंबून म्हणून एच-4वर राहते. ग्रीन कार्डाचा अर्ज कधीच मंजूर झालाय, पण नंबर लागत नाही. 1990च्या कायद्याप्रमाणे नोकरीवरच्या कार्डांपैकी साधारण 7 टक्क्यांहून जास्त कार्डं एका देशाला मिळत नाहीत, आणि भारतीयांची रांग दरवर्षी लांबतच जाते. मूल 21चं झालं की त्या कायद्याच्या लेखी ते मूल राहत नाही. अर्ज अडकून पडलेले काही दिवस वयातून वजा करायची सोय 2002पासून आहे. हिला ती पुरणारी नाही. म्हणजे विद्यार्थी व्हिसा मिळवायचा, नाहीतर परत यायचं. परत म्हणजे म्हापशाला, जिथलं तिला शुक्रवारचा बाजार आणि आजीचं घर एवढंच ठाऊक. तिचा धाकटा भाऊ अमेरिकेतच जन्मला, तो अमेरिकन नागरिक. त्याला यातलं काहीच लागू नाही.

तिची कॉलेजातली मैत्रीण मेक्सिकोतून वर्षाची असताना आईच्या कडेवर आली. तिच्याकडे व्हिसा कधी नव्हताच. अशा मुलांना कायदेशीर दर्जा द्यावा म्हणून तिथल्या संसदेत ‘ड्रीम’ नावाचं विधेयक 2001 साली आलं. डिसेंबर 2010मध्ये ते खालच्या सभागृहात पास झालं, पण सिनेटमध्ये 60 मतं लागत होती, पडली 55. मग ओबामांनी 2012मध्ये सरकारी आदेशाने ‘डाका’ सुरू केलं. सोळाव्या वर्षाच्या आत आलेल्या, जून 2007पासून सलग तिथे असलेल्या, शिकणाऱ्या किंवा शिकलेल्या मुलांना दोन वर्षं हद्दपारीपासून अभय आणि कामाचा परवाना, दोन वर्षांनी पुन्हा अर्ज. आठ लाखांहून जास्त मुलांना ते मिळालं. पण ती मुदतवाढ आहे. नागरिकत्व सोडाच, कायदेशीर दर्जाही नव्हे. 2017मध्ये ट्रम्प सरकारने ते बंद करायला घेतलं, 2020मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी सांगितलं की असं मनमानीने बंद करता येणार नाही.

डाकाचा पहिला अर्ज करायला वय 15 लागतं. ही मैत्रीण 15ची झाली तेव्हा नवे अर्ज घेणं बंद होतं. 2020च्या डिसेंबरात खिडकी उघडली, तिने 495 डॉलर भरले, आणि जुलै 2021मध्ये टेक्ससमधल्याच एका न्यायाधीशाने नवे अर्ज मंजूर करायला मनाई केली. त्या ढिगात तिचा अर्ज अजून पडून आहे.

भाचीला वाटलं होतं, आपणही लहानपणी आलोय, आपल्याला डाका लागू होईल. होत नाही. 15 जून 2012 रोजी तुमच्याकडे कायदेशीर दर्जा नसेल तरच. हिच्याकडे तर होता! रीतसर आलेल्या पोरीला रीतसर आल्यामुळे सवलत नाही, हे तिने मला समजावून सांगितलं तेव्हा ती हसत होती. मला नाही हसू आलं.

हे सगळं मी इतक्या बारकाईने का वाचते, तर मी शिक्षिका आहे. म्हापशाच्याच बार्देश तालुक्यातल्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेत. या विषयात मला सगळ्यात जवळचं वाटलं ते टायलर गावचं प्रकरण. तेही टेक्ससमधलंच. 1975मध्ये त्या राज्याने ठरवलं, बेकायदा आलेल्या मुलांसाठी शाळांना पैसे देणार नाही. मग 1977मध्ये टायलरच्या शाळांनी अशा प्रत्येक मुलामागे वर्षाला 1000 डॉलर फी लावली. चार कुटुंबं कोर्टात गेली. ओळख उघडी पडू नये म्हणून न्यायाधीशांनी सुनावणी पहाटे ठेवली. तिथूनच हाकलून देतील या भीतीने आईबाप गाडीत सामान भरून आले होते. 15 जून 1982ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला, पुन्हा 5 विरुद्ध 4: आईबापांनी केलेल्या गोष्टीची शिक्षा मुलांना देता येणार नाही, त्यांना फुकट शाळा मिळालीच पाहिजे. ओबामांनी डाका जाहीर केलं तेही बरोबर 30 वर्षांनी, 15 जूनलाच. ज्यांच्या नावावर तो खटला आहे ते शाळांचे अधीक्षक प्लायलर पुढे म्हातारपणी म्हणाले की हरलो ते बरं झालं.

पण तो निकाल बारावीपर्यंतच. पुढचं कॉलेज राज्याच्या मर्जीवर. 2001मध्ये याच टेक्ससने सगळ्यांच्या आधी अशा मुलांना राज्यातल्या विद्यार्थ्यांची कमी फी लागू केली होती. जून 2025मध्ये केंद्राने त्याविरुद्ध दावा लावला आणि राज्याने तो त्याच दिवशी मान्य करून टाकला. चोवीस वर्षांचा कायदा एका दिवसात गेला. भाचीची मैत्रीण आता एका बेकरीत काम करून एकेक विषय घेते.

यंदा गणपतीत चवथीला जेवणं झाल्यावर ओसरीवर आमच्या काकांनी नेहमीचा विषय काढला. सरकारी शाळा भायल्यांच्या, म्हणजे बाहेरून आलेल्यांच्या, पोरांनी भरल्या, त्यांना शाळेत आमच्या पैशांनी पावभाजी कशाला? मी म्हटलं, काका, ती पोरं नसती तर आमच्या शाळेला कधीच कुलूप लागलं असतं आणि माझी बदली कुठे काणकोणला झाली असती. गावातल्या लोकांची मुलं बसने इंग्रजी शाळेत जातात, मराठीतली बाराखडी गिरवतात ती कानडी, लमाणी, नेपाळी घरातली. याच काकांनी भाचीच्या ग्रीन कार्डासाठी देवीला गाऱ्हाणं घातलंय. मी ते बोलून दाखवलं. काकी म्हणाली, “तें वेगळें.” काय वेगळं ते तिने सांगितलं नाही आणि विषय गणपतीवर बांधलेल्या माटोळीच्या फळांवर गेला.

माझा एक जुना विद्यार्थी नेपाळचा. बाप कळंगुटला रेस्टॉरंटमध्ये तंदूर सांभाळतो, आई लोकांकडे भांडी घासते. पोरगा तीन वर्षांचा असताना आला. त्याचं इथे राहणं बेकायदा नाही, 1950च्या करारामुळे नेपाळच्या माणसाला भारतात राहता येतं, काम करता येतं. पण त्याच्याकडे जन्मदाखलाही नव्हता आणि आधारही. पहिलीला मी त्याला आईच्या प्रतिज्ञापत्रावर घेतलं. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 14 सांगतं की वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. 6 ते 14 वयाचं प्रत्येक मूल असं त्या कायद्यात लिहिलंय, नागरिक असं नाही. चौथीनंतर पाचवीला हायस्कुलात गेला तेव्हा तिथल्या ऑफिसात आधारशिवाय संगणकात नाव चढत नाही म्हणून त्याला परत पाठवलं. मी कायद्याची प्रत घेऊन गेले. 2018च्या आधार निकालात शाळा प्रवेशासाठी आधारची सक्ती नको असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय, तेही दाखवलं. घेतला. कुरकुरत घेतला, पण घेतला.

आता तो नववीत आहे. गणित चांगलं, मराठी माझ्या काही गाववाल्यांहून शुद्ध. वयाची 14 वर्षं उलटली, आता त्या कायद्याचं छत्र नाही. गोव्यात सरकारी नोकरीला 15 वर्षांचा रहिवासी दाखला लागतो, तो मामलेदार देतात, आणि त्यासाठी पुन्हा कागदच. गंमत म्हणजे केंद्र सरकारच्या पुष्कळ नोकऱ्यांना नेपाळचा नागरिक अर्ज करू शकतो. पण आपण नेपाळी आहोत हेसुद्धा कागदावर दाखवावं लागतं. नेपाळचं नागरिकता प्रमाणपत्र वयाच्या सोळाव्या वर्षी मिळतं, आणि त्यासाठी गावी जावं लागतं.

त्याच्या बापाला वाटतं, दहावी होऊ दे, मग बघू. मी त्याला सांगितलं, तसं करू नको, आत्ताच लाग. त्याची धाकटी मुलगी म्हापशाच्या सरकारी इस्पितळात जन्मली, तिचा जन्म तरी नोंदलाय. 1 ऑक्टोबर 2023पासून जन्मलेल्यांना शाळेपासून सगळीकडे जन्मदाखलाच जन्मतारखेचा पुरावा म्हणून लागणार आहे. शाळेत नवीन मूल आलं की मी आईला पहिलं हेच विचारते, घरात तान्हं आहे का, त्याचं नाव नोंदवलं का? एक वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा हुकूम लागतो, आणि रोजावरची बाई त्यासाठी किती दिवस बुडवणार?

दसऱ्याला बाप गावी जाणार आहे. स्वतःच्या नागरिकतेची प्रत, मुलाच्या जन्माची नोंद, वडा कार्यालयाची (तिथल्या वॉर्डाच्या ऑफिसची) शिफारस, आमच्या शाळेचा दाखला, अशी यादी मी त्याला देवनागरीत लिहून दिली. शाळेच्या दाखल्यावर पोराच्या नावाचं स्पेलिंग हायस्कुलातल्यापेक्षा वेगळं निघालं, ते दुरुस्त करायला उद्या सकाळी हायस्कूलच्या क्लार्ककडे जायचंय.